चार इयत्ता, एक खोली, दोन टॅब

डोंगरशाळा
११ जानेवारी, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. मी अमरावती जिल्ह्यात धारणी तालुक्यातल्या एका ढाण्यावरच्या (छोट्या वस्तीवरच्या) जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. पहिली ते चौथी, पट ३१, शिक्षक दोन. सोबतच्या सरांचे महिन्यातले कित्येक दिवस बैठका, प्रशिक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जातात. त्या दिवशी चारही इयत्ता एका खोलीत माझ्यापुढे असतात. मुलं जवळजवळ सगळी कोरकू, घरात मराठी नाही.

यंदा शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात शिकवणं बाजूला ठेवलं आणि एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला दिलं. असर नावाची मुलांच्या वाचन-गणिताची देशव्यापी पाहणी होते, तिच्यात असतो तसा कागद: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. सहा जण गोष्ट वाचतात, पाच जण परिच्छेदापर्यंत येतात, आठ जण शब्दांपर्यंत, सातांना फक्त अक्षरं येतात, आणि पाचांना अक्षरही येत नाही. आता यात इयत्ता बघा. चौथीत नऊ मुलं, त्यांतली दोन अक्षरांवर अडकलेली. दुसरीतल्या दोन बहिणी मात्र घडाघडा गोष्ट वाचतात. त्यांची आजी अंगणवाडीत मदतनीस होती, घरात चित्रांची पुस्तकं आहेत. मी इतकी वर्षं चौथीचा धडा चौथीला शिकवत होतो आणि चौथी नावाची एकसंध गोष्ट माझ्या खोलीत नव्हतीच.

टॅबचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी लोकवर्गणी आणि एका दात्याच्या मदतीतून दोन टॅब आले. पहिलं वर्ष मी वाया घालवलं. टॅब खिडकीत उभा करून सगळ्यांना कवितेचा व्हिडिओ दाखवायचो. पुढच्या सात-आठ जणांना दिसायचा, मागची पोरं एकमेकांना ढकलायची. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड चांगले आहेत, पण त्यांना रेंज लागते आणि आमची रेंज शाळेमागच्या टेकडीवर. वर्षअखेरीला कविता सगळ्यांच्या पाठ होत्या, वाचणारी मुलं तेवढीच.

या वर्षी पहिला दीड तास इयत्ता मोडल्या. पातळीनुसार गट केले. मी ज्या गटाजवळ बसतो त्याला टॅब देत नाही, मी नसतो तिथे देतो. शब्दांपर्यंत आलेली मुलं रीड अलाँग या वाचनाच्या अ‍ॅपवर मोठ्यानं गोष्ट वाचतात. एकदा गोष्टी उतरवून घेतल्या की त्याला नेट लागत नाही, चुकलेला शब्द तो परत म्हणून दाखवतो. तेवढ्या वेळात मी अक्षरांच्या गटाजवळ निवांत बसू शकतो. टॅबनं मला खऱ्या अर्थानं दिलेली गोष्ट म्हणजे ही वीस मिनिटं.

ज्यांना अक्षरही येत नाही त्या पाचांसाठी वेगळं करावं लागलं. मी फळ्यावर 'पाणी' लिहून 'प'ला काना 'पा' शिकवतो तेव्हा त्या मुलाच्या डोक्यात पाण्याचं नाव 'डा' असतं. म्हणून गावातल्या एका आजीकडून कोरकूत गोष्टी सांगून घेतल्या आणि टॅबवर रेकॉर्ड केल्या. मुलं आधी कोरकूत ऐकतात, चित्र काढतात, मग त्या चित्राखाली मी मराठी शब्द लिहितो.

मला फार उशिरा कळलेलं एक. तिसरीतली एक मुलगी कायम 'आई आला', 'झाड पडली' असं लिहायची. मी लाल पेनानं गोल करायचो. आमच्याच शाळेतून शिकून आता परतवाड्याला कॉलेजात असलेल्या मुलानं एकदा समजावलं, "सर, आमच्यात असं काही नसतंच." कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्यात नामं सजीव आणि निर्जीव अशी वेगळी होतात. तो-ती-ते असे तीन वाटे नाहीत. उलट एकवचन आणि अनेकवचनाच्या मध्ये तिच्यात द्विवचन आहे, जे मराठीत नाही. त्या मुलीला मराठी व्याकरण येत नव्हतं हे खरं, पण ती गाफील नव्हती. ती आपल्या भाषेच्या नियमानं चालली होती. मी तिची वही लाल करत होतो आणि तिचं बोलणं कमी होत होतं.

आता अडचणी. दिवाळीनंतर नऊ मुलं आईवडिलांबरोबर कामाला बाहेर गेलीत, कुणी हरभरा काढणीला, कुणी वीटभट्टीवर. होळीला परत येतील. तोवर त्यांचे गट पुढे गेलेले असतील. दुसरं, चौथीतला एक मुलगा मला कळत नाही. तोंडी हिशेब झटकन करतो, कोरकूत गोष्ट रंगवून सांगतो, पण तीन वर्षांत अक्षरांच्या पुढे गेला नाही. तुम्ही काय केलं असतं?

खडू_फळा
११ जानेवारी, रात्री १०:४५

गुरुजी, मनापासून लिहिलंत. मी सातारा जिल्ह्यात, बावीस वर्षं नोकरी. आमच्या जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (शाळांच्या एका गटातल्या) कृतीतून शिकवण्याचं काम बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे त्या काळात मीही फरशीवर आखलेले तक्ते आणि साहित्याच्या पेट्या बघून भारावलो होतो. तेव्हा शिकलेली एक गोष्ट अजून पुरते: साहित्य मुलाच्या हातात पाहिजे, कपाटात नाही. टॅबलाही तेच लागू.

पण गटांबद्दल एक सावधगिरी. माझ्या लहानपणी 'अ' तुकडी आणि 'ड' तुकडी असायची. 'ड' तुकडीतून कुणी वर आलेलं मी पाहिलं नाही. मास्तर तिथे वेगळ्या आवाजात बोलायचे. पातळीनुसार गट करताना ती तुकडी मागच्या दारानं परत येते. म्हणून मी तीन नियम पाळतो. भाषेचा गट आणि गणिताचा गट कधीही एकच ठेवत नाही, कारण वाचनात मागे असलेलं मूल बाजारातल्या हिशेबात पुढे असू शकतं (तुमचा तो चौथीतला मुलगाच बघा). दर तीन आठवड्यांनी परत पाच मिनिटांची चाचणी आणि गट बदल. आणि दुपारनंतर सगळे परत आपापल्या इयत्तेत, मिसळून.

गटांना पातळीची नावंही देऊ नका. मुलांना 'अक्षरवाले' म्हटलं की वर्षभर ती अक्षरवालेच राहतात. आमच्याकडे झाडांची नावं आहेत आणि दर वेळी ती बदलतात.

आकडेमोड
१२ जानेवारी, सकाळी ७:१०

धागाकर्त्यानं अनुभवातून जे गाठलंय त्याला चांगला पुरावा आहे, आणि त्यातला एक आपल्या मुंबईचाच. २००१ ते २००३ या काळात प्रथम संस्थेच्या 'बालसखी' कार्यक्रमाचा मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत अभ्यास झाला. वस्तीतल्या तरुण मुली मागे राहिलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन मूळ वाचन आणि अंक शिकवायच्या. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सगळ्या मुलांच्या गुणांत सरासरी ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप; पुढचे आकडेही त्याच मापात), आणि तिचा मोठा वाटा सर्वांत मागे असलेल्या मुलांचा. त्याच अभ्यासात बडोद्यात मुलांना संगणकावर गणिताचे खेळ दिले होते. तिथे गणितात ०.४७ वाढ. आज जगभर 'योग्य पातळीवर शिक्षण' म्हणून चालतं त्याचं मूळ या कामात आहे.

दुसरा अभ्यास दिल्लीचा, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. माइंडस्पार्क नावाचं सॉफ्टवेअर मुलाची खरी पातळी शोधून तिथून प्रश्न देतं. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ वाढ. मला त्यातला सुरुवातीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं. ज्या मुलांना ही मदत मिळाली नाही, त्यांतली तळाच्या तिसऱ्या हिश्श्यातली मुलं तेवढ्या काळात शाळेत जाऊन काहीच पुढे गेली नाहीत. वर्ग सुरू होता, फळ्यावर धडा होता, आणि तो त्यांच्या डोक्यावरून जात होता.

पण यातून 'सॉफ्टवेअर आणा' एवढाच अर्थ काढू नये. दिल्लीत रोज दीड तासापैकी अर्धा वेळ संगणक आणि अर्धा वेळ लहान गटाला शिकवणारं माणूस होतं. याच्या उलट पेरूत प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायची मोठी योजना झाली. ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात पंधरा महिन्यांनंतर गणित आणि भाषेत फरक दिसला नाही. यंत्र हातात आलं, पण शिकवण्याची रीत बदललेली नव्हती. गुरुजींच्या टॅबच्या पहिल्या वर्षात झालं ते हेच.

आणखी एक. प्रशिक्षणांत अजून सांगतात की काही मुलं 'बघून शिकणारी', काही 'ऐकून शिकणारी', काही 'हातानं शिकणारी', आणि त्यानुसार गट करा. २००८ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी यावरचं उपलब्ध संशोधन तपासलं आणि या वाटणीला आधार देण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. एकच गोष्ट अनेक रीतींनी सगळ्यांपुढे ठेवा, ते चांगलंच. पण मुलावर 'हा ऐकूनच शिकतो' असा शिक्का मारून त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेऊ नका.

ठाण्याची_आई
१२ जानेवारी, दुपारी २:३०

चौथीतल्या त्या मुलाबद्दल वाचून राहवलं नाही. माझा मुलगा आता नववीत आहे. तिसरीत असताना असाच होता. घरी ट्रेनची सगळी स्टेशनं, गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ, आणि वहीत तीन ओळी लिहायला अर्धा तास. शाळेनं उपाय दिला तो म्हणजे जास्तीचं लेखन: धडा दोनदा उतरवून आण. तो रात्री दहापर्यंत उतरवायचा आणि सकाळी पोटात दुखतं म्हणायचा. त्या वर्षी मी त्याच्यावर खूप ओरडले. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

नंतर तपासणीत डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता) निघाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे, त्यामुळे प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. गुरुजी, तुमच्याकडे पहिली पायरी मात्र डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांच्याकडून त्याची नजर आणि ऐकणं नीट तपासून घ्या. मग गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना दाखवा.

मराठीतून डिस्लेक्सिया तपासायचं साधन आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचं 'डाली', २०१५ पासून हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. पण तुमचा मुलगा कोरकू बोलतो. मराठीतल्या चाचणीत तो मागे पडला तर ती अक्षमता की अनोळखी भाषा, हे कसं ठरवणार? म्हणून कोरकूतले खेळ खेळून बघा. या शब्दाच्या सुरुवातीला कोणता आवाज आहे, याच आवाजाचा दुसरा शब्द सांग, शब्दातला पहिला आवाज काढला तर काय उरतं. आपल्या भाषेतही त्याला आवाज सुटे करता येत नसतील तर लक्ष द्यायला हवं.

आणि निदान होईपर्यंत थांबू नका. माझ्या मुलाला ज्या गोष्टीनं हात दिला ती अगदी साधी होती. फोन मजकूर वाचून दाखवतो, तो कानानं ऐकतो आणि त्याच वेळी बोट पुस्तकातल्या ओळीवर फिरवतो. नुसतं ऐकलं तर वाचन येत नाही, नुसतं वाचलं तर धडा कळत नाही. दोन्ही एकत्र. विज्ञानाची उत्तरं तो आधी फोनवर बोलून रेकॉर्ड करतो, मग स्वतःचंच ऐकून लिहितो.

पहाटवारा
१२ जानेवारी, रात्री ८:०५

मी पूर्ण अंध आहे, माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. वर्गात चाळीस डोळस मुलं आणि मी, असं उलट चित्र आहे, त्यामुळे 'वेगवेगळ्या गरजा' या विषयाकडे मी दुसऱ्या बाजूनंही बघते.

माझं सगळं काम एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी ते तयार करायला घेतलं, आज ते मराठीही वाचतं. फोनवर तेच काम टॉकबॅक करतं. म्हणजे साधनं आहेत आणि फुकट आहेत. पण शिक्षकांच्या ग्रुपवर येणाऱ्या स्वाध्यायपत्रिकांपैकी बऱ्याच मला वाचता येत नाहीत, आणि माझ्यासारख्या विद्यार्थ्यालाही येणार नाहीत. कारण एकतर तो कागदाचा फोटो असतो, नाहीतर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'शिवाजी' दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक यंत्राला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळेल अशा पद्धतीनं टाइप केलं तर तोच कागद अंध मूल ऐकू शकतं, कमी दिसणारं मूल अक्षर मोठं करू शकतं, आणि ठाण्याच्या ताईंचा मुलगा फोनकडून वाचून घेऊ शकतो. एक सवय बदलली तर तीन प्रकारच्या मुलांची सोय होते, आणि त्यासाठी टाइप करणाऱ्याला वर्गात तसं मूल आहे की नाही हे माहीत असायचीही गरज नाही.

चित्र पाठवलंत तर खाली दोन ओळी लिहा: चित्रात काय आहे. डोळस मुलांकडून लिहून घ्या, हा निबंधाचा उत्तम सराव होतो. माझ्या वर्गात गडाचा नकाशा मुलं मला शब्दांत सांगतात. 'इथे दरवाजा आहे' एवढ्यानं माझं भागत नाही हे त्यांना आता कळलंय. कोणत्या दिशेला, कुठून किती पावलांवर, चढ की उतार, सगळं सांगावं लागतं. नकाशावाचनात ती तयार झाली.

निवृत्त_केंद्रप्रमुख
१३ जानेवारी, सकाळी ९:५०

सगळं वाचलं. कळकळ पोचली. तरी एक शंका मांडतो, आणि ती अडवण्यासाठी नाही.

चौथीतल्या मुलाला अक्षरगटात बसवलं तर त्याला चौथीचं परिसर अभ्यास, चौथीचं गणित कोण देणार? मी अशा शाळा पाहिल्या जिथे पातळीच्या नावाखाली मागच्या मुलांना वर्षभर तक्त्यावरची अक्षरं म्हणायला लावली. पाचवीत गेल्यावर ती वाचू लागली होती, पण त्यांना भूगोलाचा गंध नव्हता. ज्याला वाचता येत नाही त्याला विचार करता येत नाही असं आपण नकळत धरून चालतो. शिवाय शासनाच्या नियतकालिक चाचण्या इयत्तेच्याच असतात. तुमच्या दीड तासानंतर काय होतं, ते लिहा.

डोंगरशाळा
१३ जानेवारी, रात्री ९:३०

सर, शंका रास्त आहे. पहिल्या दोन महिन्यांत माझ्याकडून हेच होत होतं. गट जमलेत म्हणून मी दुपारीही गटच चालवायचो. मग त्या चौथीतल्या मुलानं एक दिवस विचारलं, "सर, माझं चौथीचं पुस्तक कधी काढायचं?" त्याचं पुस्तक दप्तरात कोरं होतं. कव्हर घातलेलं, जपलेलं.

तेव्हापासून दुपारी इयत्तेचा विषय सगळ्यांना, पण तो मिळवायची आणि दाखवायची वाट वेगळी. 'पाणी' घेतलं तेव्हाचं सांगतो. धडा मी मोठ्यानं वाचला, अधूनमधून कोरकूत सांगितला (माझं कोरकू मोडकं आहे, मुलं दुरुस्त करतात आणि त्यात त्यांना फार आनंद होतो). मग सगळे गावातल्या हातपंपावर गेलो. एक बादली भरायला किती वेळा दांडा मारावा लागतो ते मोजलं. लिहू शकणाऱ्यांनी आज्यांच्या मुलाखती लिहून घेतल्या: पूर्वी पाणी कुठून आणायचात. शब्दांच्या गटानं हातपंप, ओढा, विहीर, झिरा यांचा नकाशा काढून नावं घातली. त्या चौथीतल्या मुलानं टॅबवर फोटो काढले आणि प्रत्येक फोटोखाली स्वतःच्या आवाजात सांगितलं. घरात किती माणसं, माणशी किती बादल्या, उन्हाळ्यात किती फेऱ्या वाढतात, हे सगळं तोंडी. हिशेब बरोबर होता. परिसर अभ्यासाची आकारिक (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाची) नोंद मी त्या रेकॉर्डिंगवरून केली. वाचनाच्या रकान्यात त्याची पातळी 'अक्षर' अशीच लिहिली, ती लपवली नाही.

सगळ्या विषयांत हे जमतं असं म्हणणार नाही. आठवड्यातून दोन दुपारी जमतात. उरलेल्या दिवशी मीही फळाच वापरतो. सोबतचे सर नसले की पहिला दीड तासच कसाबसा होतो.

गणितात संख्यावाचन हा आमचा मोठा दगड आहे. मराठीत त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना पाच आधी येतात. मुलं ३५ लिहितात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर बाईंनी तेव्हा समजावून सांगितलं होतं की जुनी पद्धत काढलेली नाही, अडखळणाऱ्या मुलांसाठी दुसरी वाट दिली आहे. माझ्या वर्गात ती वाट रोज लागते. काड्यांचे दहाचे गठ्ठे, वर सुट्या काड्या, आधी 'पन्नास आणि तीन', मग 'त्रेपन्न'. ज्याला थेट त्रेपन्न येतं त्यानं थेट म्हणावं. एकाच प्रश्नाला वर्गात दोन दारं असली तर कुणाचं काही बिघडत नाही. यात टॅबचं काहीच काम नाही, काड्यांचं आहे.

कोलंबसकर
१४ जानेवारी, पहाटे ४:१५

मी अमेरिकेत ओहायोत एका सरकारी शाळेत वर्ग-मदतनीस आहे. आमच्या वर्गात सोमाली आणि नेपाळी बोलणाऱ्या घरांतली मुलं आहेत. चोवीस मुलं, एक शिक्षिका, दिवसातले काही तास मी, आणि प्रत्येकाकडे लॅपटॉप. १९७५ च्या कायद्यापासून इथे अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाची स्वतंत्र लेखी शिक्षण योजना करावीच लागते, पालकांना त्या बैठकीला बोलवावं लागतं. तुमच्या परिस्थितीशी तुलना होऊच शकत नाही, तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

सगळ्यांना यंत्रं मिळाल्यावर आमच्या वर्गात शांतता झाली. सुरुवातीला बरं वाटलं. मग लक्षात आलं की नव्यानं इंग्रजी शिकणारी मुलं दिवसभरात जेमतेम दहा वाक्यं बोलतायत. कानात हेडफोन, बोलायला कुणी नाही. आता शिक्षिका मुद्दाम दोघांत एक लॅपटॉप देतात, म्हणजे काय दाबायचं यावरून तरी बोलणं होतं. गुरुजी, दोन टॅबच असणं हे सगळंच नुकसान समजू नका.

दुसरं, घरी जाताना प्रत्येक मुलाकडून एक चिठ्ठी. आजच्या विषयावर एकच प्रश्न, एका ओळीत किंवा चित्रात उत्तर. शिक्षिका तिथेच त्यांचे तीन ढीग करतात: कळलं, अर्धवट, नाही कळलं. उद्याचे गट तयार.

खडू_फळा
१४ जानेवारी, सकाळी ६:५०

चिठ्ठीचं आजच करतो. पाठकोरे कागद शाळेत भरपूर आहेत.

डोंगरशाळा
होळीनंतर, रात्री १०:००

धागा वर काढतोय, सांगायचं राहिलं होतं.

बाहेर गेलेल्या नऊपैकी सात जण होळीला परत आले. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, पाच दिवस शाळा भरली तरी मन तिथे नसतं, त्यामुळे मीही ढोलाजवळच जाऊन बसलो. आईबापांशी बोलणं तिथेच झालं.

आल्या आल्या सातांचीही पाच मिनिटांची चाचणी घेतली. चार जण गेले तेव्हाच्याच पातळीवर, दोन जण एक पायरी खाली. एक मुलगी मात्र वर चढून आली. शब्दांवरून परिच्छेदावर. मला कळेना. ते कामाला बाहेर जाण्यापूर्वी मी तिच्या वडिलांच्या फोनमध्ये त्या आजीच्या गोष्टी आणि त्यांचीच मराठी रेकॉर्डिंग्ज भरून दिली होती, सोबत गोष्टींच्या छापील चिठ्ठ्या. नऊही जणांना दिल्या होत्या. बाकीच्यांच्या घरचे फोन बिघडले, विकले गेले किंवा दिवसभर कामावर बापाच्या खिशात राहिले. हिच्या घरी संध्याकाळी भट्टीवर भाकरी होईपर्यंत फोन तिच्याकडे असायचा. ती ऐकायची आणि बोट फिरवायची. ठाण्याच्या ताई, बोट फिरवायचं मी तुमचा प्रतिसाद वाचल्यावर तिच्या वडिलांना फोन करून सांगितलं होतं, टेकडीवर जाऊन.

हे नऊमध्ये एकच झालं, त्यामुळे यावर फार उभारत नाही. पुढच्या दिवाळीला प्रत्येक मुलाबरोबर साधा रेडिओ-प्लेअर देता येईल का ते बघतोय, मेमरी कार्ड घालून. त्यात फोनसारखं कुणी ऐन वेळी मागून घेणार नाही. ज्यांच्या आज्या गावात राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्तावही पुन्हा टाकलाय.

चौथीतल्या मुलाचे कान-डोळे तपासले. उजव्या कानानं त्याला फार कमी ऐकू येतं. जुना कानफुटीचा त्रास असावा, डॉक्टरांनी जिल्हा रुग्णालयात पाठवायला सांगितलंय, तारीख मिळाली आहे. आवाजांचे खेळ कोरकूत घेतले, त्यात तो अडखळतोच. पण ते कानामुळे की आणखी काही, हे कानावर उपचार झाल्यावर परत बघायचं असं विशेष शिक्षक म्हणाले. तीन वर्षं तो खोलीत माझ्या उजव्या हाताला, भिंतीकडच्या रांगेत बसायचा. म्हणजे त्याचा चांगला कान भिंतीकडे. आता त्याची जागा बदलली आहे. टॅबवर त्याला हेडफोन देतो, डावा कान.

परवा त्यानं 'बादली' वाचलं. ब, बा, बाद, बादली.

पहाटवारा
त्याच रात्री, १०:४०

गुरुजी, आजींच्या गोष्टींची रेकॉर्डिंग्ज त्यांची हरकत नसेल तर इथे देता येतील का? आणि त्यांचं मराठी युनिकोडमध्ये टाइप करायला मी तयार आहे. तुम्ही फोनवर सांगा, मी लिहून घेते.

डोंगरशाळा
दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:१५

आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, आधी त्यांना ऐकवा, मग द्या. एकूण चौदा गोष्टी आहेत, सर्वांत मोठी सहा मिनिटांची. रविवारी टेकडीवरून फोन करतो, दुपारी तीन वाजता चालेल?